कुचल्याचं दूध

‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काही होत नाही,’ असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, धोतरा काय कारखान्यात उगवतो? कळलावी काय बाटलीत फुलते? माणसाला मारायची जेवढी हिकमत झाडांना येते तेवढी अजून माणसांनाही आलेली नाही. पण आपल्याकडे डब्यावर हिरवं पान छापलं की लोक डोळे मिटून गिळतात.

मी शिरीन. आलापल्लीत बसस्टँडच्या मागे आमचं घर. अब्बा म्हणजे शफी हकीम. त्यांचं युनानी औषधांचं दुकान होतं आणि पार भामरागडपासून माणसं त्यांच्याकडे यायची. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, नागपुरात एका औषधांच्या लॅबमध्ये सहा वर्षं काढली, आणि अब्बा गेले तेव्हा अम्मी एकटी पडते म्हणून परत आले. माझा राग माझ्याआधी दारातून आत येतो असं अम्मी म्हणते. या गोष्टीत तो थोडा उशिरा आला, आणि तेच सांगायचं आहे.

गावाबाहेर एका संस्थेनं ‘वनसंजीवनी’ नावाचं केंद्र काढलं. जंगलातल्या वनस्पती आणायच्या, गावातल्या बायकांना काम द्यायचं, औषधांचा कच्चा माल तयार करून शहरात पाठवायचा. संचालक हेमराज सर. माणूस गोड बोलणारा, इतका की बोलणं संपल्यावर पाणी प्यावंसं वाटावं. त्यांनी मला लॅब दिली. एक खोली, एक टेबल, काचसामान, सूक्ष्म वजनाचा काटा. आलापल्लीत अशी खोली मला पुन्हा मिळाली नसती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पहिल्या आठवड्यात मी बायकांचा वर्ग घेतला. अठरा बायका होत्या. अल्कलॉइड हा शब्द मी फळ्यावर लिहिलाच नाही. सांगितलं, झाड स्वतःला वाचवायला जे कडू रसायन बनवतं ते हे. त्यात नायट्रोजन असतो. तो कोणत्या सांगाड्यात बसलाय त्यावरून त्याचं घराणं ठरतं. धोतऱ्याचं घराणं वेगळं. त्यातलं अट्रोपिन डोळ्यांचा डॉक्टर बाहुली मोठी करायला घालतो, आणि कपाशीवर फवारताना कोणाला विषबाधा झाली तर दवाखान्यात त्याचंच इंजेक्शन देतात. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिन सुजलेल्या सांध्यावर चालतं, मात्रा चुकली तर माणूस जातो. सर्पगंधेच्या मुळीतलं रिसर्पिन रक्तदाब खाली आणतं.

सगळ्यांत मन लावून ऐकत होती ती रुखमाबाई. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी पार छळलेली. तिची सून दिव्यानीही तिथंच कामाला होती. पांढऱ्या कुड्याचा विषय निघाला तशी रुखमाबाई म्हणाली, “मॅडम, थे तं आमाले मालूम हाय. हागवन लागली का कुड्याची साल उकळाची. पानी पेयाचं आन् साल फेकाची. गून सालीत नाई राहत, पान्यात उतरते.”

“शाबास!” मी म्हणाले. “हेच रसायनशास्त्र. कडू चोथ्यात राहत नाही, पाण्यात उतरतं.”

ती लाजून हसली. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळी मला अजून ऐकू येते.

त्या वर्गात मी एक नाव गाळलं. सर्पगंधेतल्या रिसर्पिनचा एक सख्खा भाऊबंद आहे. त्याच घराण्यातला, पण स्वभावानं अगदी उलटा. त्याचं नाव स्ट्रिक्नीन आणि ते असतं कुचल्याच्या बीमध्ये. केंद्राचा सगळ्यांत महाग माल तोच होता, सांध्यांच्या आणि लकव्याच्या गोळ्यांसाठी. आणि कुचला हा शब्द केंद्रात उच्चारायचा नाही असा हेमराज सरांचा हुकूम होता.

कुचला कसा शुद्ध करायचा हे मी अम्मीकडून शिकले होते. पाच दिवस बी भिजवायची, रोज पाणी बदलायचं. मग साल सोलायची, बीचे दोन भाग करायचे, मधली हिरवट जिभली काढून टाकायची. मग बी फडक्यात बांधून दुधात लोंबती ठेवायची आणि दूध निम्मं आटेपर्यंत उकळायची. विष बीमधून निघतं आणि दुधात जातं. बी होते औषध, आणि दूध होतं जहर. ते दूध हातभर खोल खड्ड्यात पुरायचं, वर राख टाकायची, त्यावर काटे, म्हणजे कुत्रंसुद्धा उकरणार नाही.

आमच्या घरी कुचला चुलीवर चढला की अम्मी दाराला लाल फडकं बांधायची आणि भिंतीवरून शेजाऱ्यांना ओरडायची, “आज कुचला चढला वो, पोरं-बकऱ्या सांभाळा!” मग शकुबाई तिकडून ओरडायच्या, “आयकलं वो खैरुनबाई!” त्यांचं उत्तर आल्याशिवाय अम्मी दूध चुलीवर ठेवत नसे. त्या चुलीजवळ आमच्या घरात कधी कोणाला साधी उलटीही झाली नाही.

केंद्रात यातलं सगळं होतं, फक्त ओरडणं नव्हतं. बी भिजवणं आणि सोलणं वेगळ्या, कुलूपबंद शेडमध्ये, बाहेरून आणलेल्या दोन माणसांकडून. कुचल्याची अख्खी बी आमच्या भागातलं शेंबडं पोरही ओळखतं. गोल, चपटी, चंदेरी मखमल लावल्यासारखी. पण सोलून दोन भाग केले की ती कुठलीही पांढरट बी वाटते. तशी सोललेली बी बायकांच्या शेडमध्ये यायची आणि पोत्यावर लिहिलेलं असायचं ‘वनबीज ४’. ती उकळायचं आणि उरलेलं दूध खड्ड्यात टाकायचं काम रुखमाबाईकडे होतं.

शेडमध्ये बायकांचं काम सुरू व्हायच्या आधीच मी पत्र्याचा एक बोर्ड रंगवून तिथं टांगला होता. लाल अक्षरात: ‘कुचला. विष. हे दूध पिऊ नये.’ खाली कवटी काढली होती, वाचता न येणाऱ्यांसाठी. बोर्ड दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाहेरचे खरेदीदार बघायला येणार होते. हेमराज सर स्वतः शिडीवर चढले आणि माझ्यासमोर त्यांनी बोर्ड उतरवला.

“मॅडम, जिथी विष लिवलं तिथलं औषध कोन घेईल?” ते म्हणाले. “आन् रेसिपी आपली सिक्रेट हाय. बाया नदीवर कपडे धुता धुता सगळं बोलतात. तुमी पेपरवर सही केली हाय ना?”

सही केली होती. गोपनीयतेची, चार पानी. मी म्हणाले, “पण सर, त्यांना सांगायला तर हवं.” ते म्हणाले, “पाहुणे गेले का लावू.” पाहुणे गेले, बोर्ड लागला नाही. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. लॅबमध्ये नवीन मशीन येणार होतं.

आणि एकदा, हे मला सांगावंच लागेल, रुखमाबाईनं मला विचारलं होतं. दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, हातात घेऊन ती खड्ड्याकडे निघाली होती. थांबली आणि म्हणाली, “मॅडम, येवढं दूध काऊन फेकता? दूध सांडलं का माहा जीव कसा तं होते.” हेमराज सर मागेच उभे होते. मी म्हणाले, “प्रक्रियेतलं आहे ते, रुखमाबाई. प्यायचं नसतं.” ती मान हलवून गेली. मीही लॅबमध्ये गेले.

मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आले होते. पहिला घास घेतला आणि दिव्यानीचा फोन आला.

“मॅडम, सासूले झटके येऊन राह्यले. आमी सरकारी दवाखान्यात आनलं. डॉक्टर विचारते का काय खाल्लं. थे वनबीज चारचं दूध पेली म्हनलं, तं डॉक्टर म्हंते हे काय असते?”

मी ताटावरून तशीच उठले. अम्मीला एवढंच म्हणाले, “कुचल्याचं दूध.” तिनं स्कूटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही. फक्त एक हिशेब डोक्यात फिरत होता. एक किलो बी, तीन लिटर दूध, किती विष उतरलं असेल, किती घोट प्यायली असेल.

रुखमाबाई खाटेवर कमानीसारखी वाकली होती. डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या. जबडा घट्ट आवळलेला, आणि ओठ ताणून ती हसतेय असं वाटत होतं. ते हसणं नव्हतं. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. रुखमाबाईच्या पायाला विळ्याची जखम होती, म्हणून त्यांच्या मनात धनुर्वातही होता.

“कुचला,” मी म्हणाले. “कुचला उकळलेलं दूध. स्ट्रिक्नीन.”

त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. “शंका होतीच. नाव पाहिजे होतं,” म्हणाल्या आणि मग त्यांनी पुढचं सगळं झपाट्यानं केलं. शिरेतून इंजेक्शन, ऑक्सिजन, खिडक्या बंद, दिवा बंद, मी आणि दिव्यानी सोडून सगळे खोलीबाहेर. दारात एक नर्स उभी केली. “कोणी बोलायचं नाही. कोणी हात लावायचा नाही. दार वाजवायचं नाही.”

आपल्या पाठीच्या कण्यात स्नायूंना आवरणारा एक ब्रेक असतो. स्ट्रिक्नीन तो ब्रेक काढून घेतं. मग चमचा पडल्याचा आवाज झाला तरी सगळं अंग एकदम आखडतं, श्वास अडकतो, आणि याच झटक्यात माणूस जातो. पण डोकं जागं असतं. त्या बाईला सगळं कळत होतं. कोण आलं, कोण रडलं, सगळं. मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत सहा मार्कांना लिहिलंही होतं.

मी दाराच्या आत, भिंतीला टेकून उभी राहिले. दिव्यानी माझ्याशेजारी. तिनं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं तेवढंच मला कळलं. रुखमाबाईनं सगळ्या बायकांना सांगितलं होतं, “या शिकलेल्या लोकायले समजत नाई. आपन कुड्याचं पानी पेतो आन् साल फेकतो. इथी उलटं, दूध फेकतात आन् चोथा ठेवतात. गून तं दुधात उतरला असन ना?” सांध्याचंच औषध बनतंय हे तिला माहीत होतं. गुडघे दुखत होते. तिनं कपात थोडं दूध घेतलं, चाखलं, कडूजहर लागलं. कडू म्हणजे गुण आहे, असं म्हणत तिनं गुळाचा खडा टाकला आणि अर्धा कप प्यायली.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिकवलं तेच तिनं केलं. मला किंचाळावंसं वाटत होतं, कोणाची तरी गचांडी धरावीशी वाटत होती, आणि खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायचा होता. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. जन्मात मी इतकी गप्प कधी राहिले नव्हते.

तेवढ्यात हेमराज सर आले. नर्सला बाजूला सारून आत आले, “कशी हाय आपली रुखमाबाई?” असं भर आवाजात म्हणत. आणि त्याच वेळी त्यांच्या खिशात फोन वाजला. रुखमाबाईचं अंग ताडकन आखडलं. ओठ निळे पडले. डॉक्टर दुसऱ्या इंजेक्शनकडे धावल्या. मी त्या माणसाच्या शर्टाला धरून त्याला व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, थेट सायकल स्टँडपर्यंत ओढत नेलं आणि तोंडातला बोळा काढला.

काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन भाषांतलं होतं. ते संपल्यावर म्हणाले, “एक शब्द! एक शब्द सांगायचा होता, कुचला! जंगलातली बाई आहे ती, नाव ऐकलं असतं तर तिनं त्या भांड्याला फडक्यानं धरलं असतं!”

हेमराज सरांनी शर्ट नीट केला. “मॅडम, आवाज खाली. तिले पे म्हनलं कोनं? चोरून पेली, आन् आता आमच्यावर?” चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतक्या शांत आवाजातली पहिलीच.

त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये जाऊन गंजात उरलेलं दूध घेतलं. त्यातलं अल्कलॉइड वेगळं केलं, तीव्र आम्ल टाकलं, डायक्रोमेटचा खडा फिरवला. जांभळा रंग उठला आणि बघता बघता लाल झाला, स्ट्रिक्नीनची ठरलेली खूण. मला ते आधीच माहीत होतं, पण आता कागदावर पाहिजे होतं. थोडं दूध बाटलीत सील केलं, तारीख घातली, आणि लॅबची किल्ली टेबलावर ठेवून आले.

रुखमाबाई वाचली. पहिले सहा तास डॉक्टर त्या खोलीतून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी झटके थांबले. तिसऱ्या दिवशी ती पाणी गिळू लागली. अंगाचा स्नायू न् स्नायू फाटल्यासारखा दुखत होता, पण बोलत होती.

त्याच सकाळी हेमराज सर आमच्या घरी आले आणि त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. ‘सदर महिलेस पूर्वसूचना देऊनही तिने केंद्रातील पदार्थाचे चोरून सेवन केले.’ खाली तज्ज्ञ म्हणून माझं नाव, सहीसाठी रेघ. “पोलिसात येवढं गेलं का विषय संपला,” ते म्हणाले. “दिव्यानीचं काम बी राहील. नाई तं चोरीचा गुन्हा लागते सासूवर. गावात नाव खराब होईल बिचारीचं.” आणि मग अम्मीकडे वळून, “खैरुनबाई, सांगा जरा पोरीले.”

अम्मी म्हणाली, “चहा नाही मिळणार. दूध संपलं.”

ते गेले तसं मी लिहायला बसले. दोन पानं लिहिली. कुलूपबंद शेड, वनबीज चार, उतरवलेला बोर्ड, जांभळा रंग, सगळं तारखांसह. रुखमाबाईला कोणतीही सूचना मिळाली नव्हती, हे ठळक अक्षरात. या सगळ्याला जबाबदार म्हणून खाली हेमराज सरांचं पूर्ण नाव. पुन्हा वाचलं आणि मला बरं वाटलं, खरं सांगते. किती दिवसांनी माझा राग नेमका जागेवर बसला होता. फिर्याद रुखमाबाईच्या नावानं जायची होती, म्हणून तिच्या सहीसाठी मी तो कागद घेऊन दवाखान्यात गेले. ती माझा हात धरेल, रडेल, असं काहीतरी मी मनात धरलं होतं.

दिव्यानीनं तिला सगळं वाचून दाखवलं. रुखमाबाई छताकडे बघत ऐकत होती.

“कुचला होता तं थे,” वाचून झाल्यावर ती म्हणाली. आवाज चिरकलेला होता. “माह्या मायनं कुचल्याच्या झाडाखाली आमाले बसूबी नाई देल्लं कधी. तुमाले मालूम होतं, मॅडम?”

“हो.”

“पयल्या दिवसापासून?”

“हो.”

“मी इचारलं होतं तुमाले. हातात गंज होता माह्या.”

“मी सांगितलं होतं, प्यायचं नसतं...” मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकवेना.

“नसते म्हनलं तुमी.” आता तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. माझ्यापेक्षा खूप जुना राग होता तो, आणि त्याला ओरडायची गरज नव्हती. “उपासाच्या दिवशी भातबी खायचा नसते, मॅडम. खाल्ला तं कोनी मरत नाई. हेमराज सर काय, थ्याले मी कवाच इचारलं नाई. थो खोटं बोलते हे सगळ्यायले मालूम हाय. मी तुमाले इचारलं. तुमी शिकवत होता म्हून.”

दिव्यानी खाली मान घालून उभी होती. बाहेर कोणीतरी नातेवाइकाला नावानं हाका मारत होतं.

“खाली किती नावं लिवली?” रुखमाबाईनं विचारलं.

“एक. हेमराज सरांचं.”

“दोन पायजे,” ती म्हणाली.

मी खाटेच्या कडेवर कागद ठेवला आणि हेमराज सरांच्या नावाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. दिव्यानीनं ते तिला वाचून दाखवलं. रुखमाबाईनं मान हलवली, पेन मागितलं, दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी कठडा धरत कशीबशी उठून बसली, आणि एक एक अक्षर जुळवत सही केली. मग कागद माझ्याकडे न देता तिनं दिव्यानीच्या हातात दिला.

“तू घेऊन जाय ठान्यात,” ती सुनेला म्हणाली. “मॅडमच्या हातात नोको देऊ.”